लॉग सर्व्हरची डिस्क वाढवायची तर एलव्हीएमच, पण उबुंटूवाल्यांनो आधी हे वाचा

आधीच सांगते, पैसे देऊन घ्यायच्या वस्तूचा हा रिव्ह्यू नाही. लिनक्सबरोबर फुकट येणाऱ्या एलव्हीएमचा आहे, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरचा, आणि तोही एकाच कामापुरता. लॉग, म्हणजे मशीन लिहून ठेवतात त्या नोंदी, साठवणाऱ्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) डिस्क भरत आली की ती चालू मशीनवर, ऑफिसात कोणाला पत्ता लागू न देता वाढवता येते का? येते. या कामाला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आमचा सेटअप सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतोय का बघा. चाकणजवळच्या एका कारखान्याचं आयटी मी सांभाळते. प्रॉक्समॉक्सचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) होस्ट, त्यावर उबुंटू सर्व्हरची व्हीएम आणि आत ग्रेलॉग (लॉग गोळा करून दाखवणारा), ओपनसर्च (ते साठवून शोधून देणारा), मोंगोडीबी (ग्रेलॉगच्या सेटिंग्ज ठेवणारा डेटाबेस) तिघंही एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने. फायरवॉल, स्विच, विंडोजचा डोमेन कंट्रोलर, चार-दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर सगळे तिथेच लॉग ओततात. सिसलॉग (उपकरणं लॉग पाठवतात ती पद्धत) १५१४ पोर्टवर घेतो, कारण ५१४ हा १०२४ च्या खालचा पोर्ट, तो उघडायला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, हक्क लागतात आणि ग्रेलॉग रूट म्हणून चालवायचा नसतो. सगळ्यात जास्त बडबड अर्थात फायरवॉलची. कोणी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं तरी तो ओळीवर ओळी लिहीत बसतो.

आता मुळात डिस्क एवढी लागतेच का? पूर्वी महिनाभराचे लॉग ठेवले तरी कोणी विचारायचं नाही. मग २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे) निर्देश आले, सगळ्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवा, सायबर घटना घडली की ६ तासांत कळवा, घड्याळं एनटीपीने जुळवून ठेवा वगैरे. छोट्या-मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती, ती संपल्यालाही आता जमाना झाला. वर नोव्हेंबर २०२५ मध्ये डीपीडीपीचे (वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे) नियम नोटिफाय झाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत पण त्यात पर्सनल डेटा कोणी बघितला याचे लॉग एक वर्ष ठेवायची भाषा आहे. थोडक्यात डिस्क वाढवणं हे आता कधीतरी येणारं संकट राहिलं नाही, रूटीन झालंय, आणि म्हणूनच ते रूटीनसारखं सोपं हवं.

हिशोब करून दाखवते, कारण हा हिशोब न करताच लोक "अजून १०० जीबी द्या" म्हणतात. समजा रोज अडीच जीबीचा इंडेक्स, म्हणजे ओपनसर्चने साठवलेल्या लॉगचा गठ्ठा, बनतो. १८० दिवसांचे झाले ४५० जीबी. मग ५०० ची डिस्क पुरेल? नाही पुरणार, कारण ओपनसर्च पूर्ण डिस्क वापरतच नाही. त्याच्या तीन रेषा ठरलेल्या आहेत, ८५, ९० आणि ९५ टक्के. ८५ ओलांडलं की रेप्लिका (डेटाच्या जादा प्रती) वगैरे त्या नोडवर (ओपनसर्च चालवणाऱ्या मशीनवर) ठेवायचं बंद, ९० ला असलेले शार्ड (इंडेक्सचे तुकडे) दुसऱ्या नोडवर हलवायला बघतो (आमच्यासारख्या एकनोडी संसारात हलवणार कुठे?) आणि ९५ ला सरळ इंडेक्सना कुलूप, फक्त वाचा आणि डिलीट करा, नवीन काही लिहू देणार नाही. म्हणजे ४५० जीबी ८५ टक्क्यांच्या आत बसवायचे तर ५३० च्या आसपास लागतात, त्यात ग्रेलॉगचं जर्नल (आलेले मेसेज तात्पुरते ठेवायची जागा) आणि थोडी हवा खेळायला जागा धरली की ६०० म्हणा. एक वर्ष ठेवायचं तर नुसता डेटाच ९०० च्या वर जातो, तो वेगळा विषय.

९५ ला कुलूप लागलं की नेमकं काय होतं ते नवीन लोकांना माहीत नसतं. ग्रेलॉग मेसेज घेत राहतो, पण ओपनसर्चला देता येत नाहीत म्हणून आपल्या जर्नलमध्ये रचत बसतो, आणि त्या जर्नलची डीफॉल्ट मर्यादा ५ जीबी किंवा १२ तास, जे आधी येईल ते. त्यानंतर जुने मेसेज गेले ते गेलेच. शनिवारी दुपारी डिस्क भरली आणि तुम्ही सोमवारी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसलात तर मधल्या रविवारचे लॉग कुठेच सापडणार नाहीत, आणि ऑडिटवाला नेमका तोच रविवार मागणार. जागा करून दिली आणि वापर ९० च्या खाली आला की कुलूप आपोआप निघतं, हे बरंय. इलॅस्टिकसर्चच्या ७.४ च्या आधी ते हाताने काढावं लागायचं, ओपनसर्च हे त्याच इलॅस्टिकसर्चच्या ७.१० वरून वेगळं काढलेलं असल्याने त्यात ही सोय पहिल्यापासूनच आहे.

तर एलव्हीएम. हे काही नवीन नाही बरं का, हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर लिनक्ससाठी लिहिलं. कल्पना साधी. खरी डिस्क किंवा पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम (पीव्ही), असे एक किंवा अनेक मिळून व्हॉल्यूम ग्रुप (व्हीजी), आणि त्या ग्रुपमधून कापून काढलेले लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्ही), ज्यावर फाइल सिस्टिम बसते. मधल्या ग्रुपमुळे खालची डिस्क वाढली, बदलली, दुसरी जोडली तरी वरच्याला फरक पडत नाही. सगळी जादू तेवढीच.

पण या थरांमुळेच लोक अडकतात. ओळखीच्या एका कंपनीचा लॉग सर्व्हर बाहेरच्या एका होस्टिंगवाल्याकडे आहे, त्यांच्या सपोर्टचा मेसेज आला, "मॅडम, डिस्क १०० जीबीने वाढवून दिली आहे, काइंडली चेक." त्या मॅडमनी डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारला तर आकडा जुनाच. परत फोन, परत "आमच्याकडून वाढलीये मॅडम." दोघंही खरं बोलत होते! होस्टिंगवाल्याने सगळ्यात बाहेरचा थर वाढवला, आतले चार तसेच पडलेले. डिस्क, पार्टिशन, पीव्ही, एलव्ही आणि फाइल सिस्टिम, या पाचही ठिकाणी वाढ पोचवावी लागते आणि डीएफ फक्त शेवटच्याचा आकडा दाखवतो. म्हणून डीएफ बघूच नका आधी, एलएसबीएलके बघा, त्यात उतरंड दिसते आणि जागा कुठल्या पायरीवर अडलीये ते लगेच कळतं.

आमच्या मशीनवरचा क्रम सांगते. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये जाऊन डिस्क निवडायची, डिस्क अ‍ॅक्शनमध्ये रीसाइझ. इथे एक गंमत आहे, तो चौकोन एकूण साइज मागत नाही, किती वाढवायची ते मागतो. २०० ची ३०० करायची तर १०० टाकायचे. ३०० टाकलेत तर ५०० होईल आणि तिथून कमी करायचं बटण प्रॉक्समॉक्समध्ये नाही. व्हीएमच्या आत नवीन साइज बहुतेक वेळा आपोआप दिसते, व्हीएमवेअरवर मात्र रीस्कॅन करावं लागतं, सिस फोल्डरमधल्या त्या डिस्कच्या रीस्कॅन फाइलमध्ये १ लिहिला की झालं, रीबूटची काही गरज नाही.

मग ग्रोपार्ट, पार्टिशन वाढवायला. हे क्लाउड-गेस्ट-युटिल्स पॅकेजमध्ये येतं. उबुंटूचा इन्स्टॉलर साधारण तीन पार्टिशन करतो, बूटची दोन आणि तिसऱ्यावर एलव्हीएम, म्हणून कमांड "ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३" अशी. एसडीए आणि ३ च्या मधे स्पेस आहे, तो नाही दिला तर कमांड काहीतरी भलतंच कुरकुरते आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवतो. दुसरी खोच म्हणजे ग्रोपार्टला स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये थोडी जागा लागते, डिस्क शंभर टक्के ठासून भरली असेल तर ते तिथेच "जागा शिल्लक नाही" म्हणून बसकण मारतं. जागा वाढवायला जागा पाहिजे! उपाय सोपा आहे, टेम्पवर थोडा वेळ टीएमपीएफएस माउंट करायचा म्हणजे ते रॅममध्ये काम करतं. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर ही वेळ सहसा येत नाही, कारण ती ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते आणि ओपनसर्च आपल्या वेगळ्या युजरने चालतो, तो त्या राखीव जागेला हात लावू शकत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला असा राखीव कोटा नसतो.

त्यानंतर पीव्हीरीसाइझ /डेव्ह/एसडीए३, आणि शेवटी एलव्हीएक्स्टेंड. या शेवटच्या कमांडला मायनस आर लावा, कृपा करून लावा. लावला की ती एलव्ही वाढवते आणि लगोलग वरची फाइल सिस्टिमही वाढवते, ईएक्सटी४ असो की एक्सएफएस, ती बरोबर ओळखून. छोटा एल म्हणजे एक्स्टेंट (एलव्हीएमचे जागेचे ठरावीक तुकडे) किंवा टक्के, मोठा एल म्हणजे जीबी. मी बहुतेक वेळा छोटा एल आणि पुढे प्लस १००%फ्री देते. मोठ्या एलबरोबर प्लस विसरलात तर आकडा एकूण साइज म्हणून धरला जातो, पण एलव्हीएक्स्टेंड शहाणं आहे, आधीपेक्षा लहान साइज दिली तर नाही म्हणतं. हे संरक्षण एलव्हीरीसाइझमध्ये नाही, म्हणून वाढवायच्या कामाला मी ती कमांड वापरतच नाही.

एंटर मारल्यावर जे दिसतं ते बघायला मला अजूनही मजा येते. अमुक व्हॉल्यूम १००.०० जीआयबी, २५६०० एक्स्टेंट, वरून एवढा झाला, मग रीसाइझ२एफएसची ओळ, मग फाइल सिस्टिम आता इतक्या ४के ब्लॉकची झाली. बस. एक्स्टेंट ४ एमआयबीचा असतो म्हणून १०० चे २५६०० होतात, तो आकडा जुळला की मनाला बरं वाटतं. सगळं होईपर्यंत ग्रेलॉगच्या सर्च पेजवर मेसेज येतच असतात, ओपनसर्च रीस्टार्ट नाही, माउंट काढणं नाही, काही नाही. याच्यासाठी चार गुण.

आता उबुंटूवाल्यांसाठी जे म्हटलं होतं ते. सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये एलव्हीएम घेऊन नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट केलं तर तो रूट व्हॉल्यूमला (सिस्टिम जिथे बसते त्याला) सगळी जागा देत नाही. ग्रुपमधली जागा २० ते २०० जीबीच्या मधे असेल तर निम्मीच देतो, २०० च्या वर असेल तर फक्त १००. म्हणजे तुम्ही २०० ची डिस्क दिलीत तर एलएसबीएलकेमध्ये एसडीए २००, एसडीए३ १९८ आणि खाली उबुंटू-एलव्ही ९९. बाकीची ९९ ग्रुपमध्ये रिकामी बसलेली, पुढे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली प्रत) किंवा वेगळे व्हॉल्यूम करायचे तर असावी म्हणून. हेतू चांगलाय आणि मला पटतोही, पण इन्स्टॉल करणाऱ्याला हे ढळढळीत सांगितलं जात नाही, आणि मग लोक डिस्क भरली म्हणून होस्टिंगवाल्याकडे पैसे भरून जागा मागतात जेव्हा निम्मी डिस्क घरातच पडून असते. व्हीजीएस मारा, व्हीफ्री नावाचा (ग्रुपमधल्या शिल्लक जागेचा) कॉलम बघा. तिथे आकडा असेल तर काही विकत घेऊ नका, वरची एकच एलव्हीएक्स्टेंडची कमांड मारा, दहा सेकंदांचं काम.

मी कापलेला अर्धा गुण इथलाच. एलव्हीएम स्वतःहून काही बोलत नाही. डीएफ ग्रुपमधली शिल्लक दाखवत नाही, आणि मॅपरमधली (व्हॉल्यूम जिथे दिसतात त्या फोल्डरमधली) नावं तर अशी की उबुंटू-व्हीजी मधला डॅश डबल होऊन येतो, "उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही", पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं टायपो आहे. नावातला डॅश आणि दोन नावं जोडणारा डॅश वेगळा कळावा म्हणून ते तसं आहे, पण रात्री अकराला मोबाइलवरून एसएसएच करून टाइप करताना हे लॉजिक आठवून समाधान होत नाही. त्यापेक्षा /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही असं लिहा, तेही चालतं.

माझं ठाम मत विचाराल तर लॉगसाठी रूटची डिस्क वाढवत बसूच नये. वेगळी दुसरी डिस्क जोडावी, तिच्यावर पार्टिशन न करता अख्खीच पीव्ही करावी, वेगळा ग्रुप करावा आणि ती /व्हार/लिब/ओपनसर्च वर माउंट करावी. फायदे बघा ना, पार्टिशनच नाही म्हणजे ग्रोपार्टची पायरीच गेली, नुसतं पीव्हीरीसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड. जुन्या एमबीआर पार्टिशन टेबलची २ टीबीची अडचण नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायरवॉल बिथरून दोन दिवसांत महिन्याचे लॉग ओतायला लागला तरी रूट भरत नाही, लॉगिन होतं, मोंगोडीबी जिवंत राहतो. हलवायचं असेल तर ग्रेलॉग आणि ओपनसर्च बंद करून आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने डेटा नव्या जागी, एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) यूयूआयडी (व्हॉल्यूमची ओळख), मालकी ओपनसर्च युजरची, मग चालू. तेवढ्या वेळापुरता डाउनटाइम घ्यावाच लागतो. दुसरी डिस्क जुन्याच ग्रुपमध्ये व्हीजीएक्स्टेंडने मिसळणारेही पुष्कळ आहेत, मला ते आवडत नाही, दोनपैकी एक डिस्क गेली की रूटसकट सगळा तमाशा.

डेटाच्या वेगळ्या डिस्कवर अजून एक करा. ती ५ टक्के राखीव जागा रूटच्या डिस्कवर ठीक आहे, पण ६०० जीबीच्या लॉगच्या डिस्कवर ती ३० जीबी खाते, आणि ओपनसर्च ती वापरलेलीच धरतो त्यामुळे ८५-९० च्या रेषा लवकर येतात. ट्यून२एफएस मायनस एम १ केलं की १ टक्काच राखीव राहते, २४ जीबी फुकटात परत. चालू माउंटवर होतं.

पीव्हीमूव्हबद्दल न सांगता राहवत नाही. होस्टवर नवीन एसएसडी आला, व्हीएमला त्यावरची डिस्क दिली, ती ग्रुपमध्ये घेतली आणि पीव्हीमूव्हने जुन्या डिस्कवरचे सगळे एक्स्टेंट नवीनवर ढकलले, मशीन चालू, लॉग येतायत, टक्केवारी सरकतीये. नंतर व्हीजीरिड्यूसने जुनी बाहेर. साध्या पार्टिशनवर हे करून दाखवा म्हणावं.

सांभाळायच्या जागाही आहेत. व्हीएमवेअरवर व्हीएमचा स्नॅपशॉट असेल तर डिस्कची साइज वाढवताच येत नाही, तो चौकोन करडा पडलेला असतो. लोक सेफ्टी म्हणून आधी स्नॅपशॉट घेतात आणि मग चौकोन का चालत नाही म्हणून गोंधळतात. बॅकअप घ्या, स्नॅपशॉट डिलीट करा, मग वाढवा. कमी करायचं मनात आणूच नका, एक्सएफएस लहान होत नाही आणि ईएक्सटी४ लहान करायची तर अनमाउंट करावी लागते, वर एलव्हीरिड्यूसमध्ये आकडा चुकला तर डेटा कापला जातो. म्हणून मी ग्रुपमधली सगळी शिल्लक एकदम देऊन टाकत नाही जिथे दोन-तीन व्हॉल्यूम आहेत तिथे, लागेल तशी देते. वाढवणं दोन मिनिटांचं असल्यावर घाई कशाला?

एआय वगैरेला विचारून कमांड मारणाऱ्यांना विनंती, आधी एलएसबीएलकेचं आउटपुट बघा. डिस्कचं नाव एसडीए की व्हीडीए की एनव्हीएमई, पार्टिशन तिसरंच आहे की नाही, ईएक्सटी४ आहे की एक्सएफएस, हे तुमच्या मशीनवरच कळणार. क्लाउडवरच्या रेडीमेड उबुंटू इमेजमध्ये तर बहुधा एलव्हीएम नसतंच, तिथे बूट होताना क्लाउड-इनिट स्वतःच रूट वाढवून घेतं, म्हणजे डिस्क मोठी करा आणि रीबूट द्या. त्यांना या रिव्ह्यूचा उपयोग शून्य.

आणि हो, ग्रेलॉगमध्ये इंडेक्स सेटला रिटेन्शन (लॉग किती दिवस ठेवायचे ते) लावलेलं नसेल तर डिस्क कितीही द्या, भरणारच. रोटेशन (नवा इंडेक्स कधी सुरू करायचा) दिवसाने की साइजने ते ठरवा, १८० दिवसांच्या पुढचे इंडेक्स डिलीटवर ठेवा. जुने लॉग कुठेतरी गुंडाळून ठेवायचे असतील तर ग्रेलॉगचं आर्काइव्ह पेड व्हर्जनमध्ये आहे, ओपनसर्चचे स्नॅपशॉट मात्र फुकट आहेत, आम्ही तेच एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) टाकतो.

होस्टवाल्यांसाठी शेवटचं. इंडेक्स डिलीट होऊन व्हीएममध्ये जागा मोकळी झाली तरी थिन स्टोरेजवर (लागेल तशी खरी जागा देणाऱ्या) होस्टला ते आपोआप कळत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कला डिस्कार्डची टिक लावा, उबुंटूचा एफएसट्रिम टायमर आठवड्यातून एकदा चालतो तो चालू आहे ना बघा. आणि व्हीएमच्या डिस्का वाढवत जाताना थिन पूलची बेरीज खऱ्या डिस्कच्या पुढे गेली असेल तर होस्टवर एलव्हीएसमध्ये डेटा टक्के नावाचा कॉलम आठवड्याला बघत जा. तो शंभरला टेकला तर एकट्या लॉग सर्व्हरवर भागत नाही, त्या पूलवरच्या सगळ्याच व्हीएमना आय-ओ एरर यायला लागतात. आम्ही ८० ला अलर्ट लावलाय, तो मेलवर नाही, फोनवर येतो.